आमच्या ब्रँडचं डॉट इन दुसऱ्यानेच घेतलंय, कोर्टात न जाता मिळेल का?

मसालेवाले_सातारा
नमस्कार मंडळी, आमचा घरचा मसाल्याचा धंदा आहे, वडिलांच्या काळापासून, आडनावानेच ब्रँड चालतो आणि ट्रेडमार्क रजिस्टर आहे. साइट डॉट कॉमवर. आता एका जुन्या डीलरने त्याच नावाचं डॉट इन घेतलंय, वर आमच्याच पाकिटांचे फोटो टाकलेत, गिऱ्हाईक तिकडे पैसे भरतं आणि माल आला नाही की शिव्या आम्हाला. डोमेन मागितलं तर व्हॉट्सॲपवर दोन लाख सांगतो. वकील म्हणतात दावा लावू, पण तारखांवर तारखा पडत राहणार आणि उन्हाळ्याचा सीझन तोंडावर आलाय. दुसरा काही मार्ग?

ॲड_मीनल
आहे ना दादा. डॉट इन निक्सीकडे असतं, म्हणजे डॉट इन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेकडे, त्यांची अशा नावांच्या भांडणांसाठी आयएनडीआरपी म्हणून पॉलिसी आहे. तिथे तक्रार केली की एक लवाद नेमतात, सगळं कागदपत्रांवरच चालतं, साधारण ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो. आणि डीलरची संमती लागतच नाही, डोमेन घेतानाच त्याने ही पॉलिसी मान्य केलेली असते. तीन गोष्टी दाखवायच्या: नाव तुमच्या मार्कसारखं आहे, त्याचा त्यावर हक्क नाही, आणि घेतलं किंवा वापरलं ते वाईट हेतूने. फी निक्सीच्या साइटवर बघून घ्या.

रानवारा
त्या डीलरचं आडनाव पण तेच नाही ना? असेल तर तो म्हणणार माझंच नाव आहे, मग अवघड जातं. नुसतं 'कांदा लसूण मसाला' असलं नाव असतं तरी तेच.

मसालेवाले_सातारा
नाही हो, त्याचं आडनाव वेगळं, आमचं तर अख्ख्या तालुक्यात मोजक्या घरांचं.

डोमेनकाका
मग एक रुपया देऊ नका आणि भांडूही नका त्याच्याशी!! तो दोन लाखांचा मेसेज हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, खर्चापेक्षा जास्त पैसे घेऊन मार्कवाल्यालाच डोमेन विकायला बघणं हे पॉलिसीत वाईट हेतूचं लक्षण म्हणूनच लिहिलंय. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, साइटचं पानन् पान आजच सेव्ह करा कारण नोटीस गेली की फोटो उडवणार तो. सोबत ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट, पाकिटांच्या छपाईची जुनी बिलं, फसलेल्या गिऱ्हाइकांचे मेसेज.

ॲड_मीनल
काकांना अनुमोदन. उद्या कोणी डॉट कॉममध्ये असं केलं तर तिथे यूडीआरपी म्हणून अशीच पॉलिसी लागते, १९९९ पासूनची, तक्रार जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे करता येते, एका डोमेनला एका पॅनेलिस्टची (निकाल देणाऱ्याची) फी १५०० डॉलर. तिथे मात्र वाईट हेतू घेताना आणि वापरताना दोन्ही वेळा दाखवावा लागतो. टाइम्स ग्रुपच्या बेनेट कोलमन कंपनीने २००० साली इकॉनॉमिक टाइम्सच्या नावाचं डॉट कॉम असंच मिळवलं. बुडालेल्या ऑर्डरींची भरपाई हवी असेल तर मात्र कोर्टच, इथे डोमेन रद्द होतं नाहीतर तुमच्या नावावर येतं. आणि हरल्यावर तो निकालाला कोर्टात आव्हान देऊ शकतो, म्हणून पहिल्यापासून फाइल पक्की करा.