द हिंदूचं क्रिप्टिक शब्दकोडं कसं सोडवायचं?

नवशिकी: रोज पेपर घेऊन बसते, पण क्लू वाचला की डोकंच चालत नाही, नेमकं बघायचं काय?

आडवेउभे: अगं क्रिप्टिक म्हणजे क्लूमध्ये उत्तर लपवलेलं असतं, वाक्याचा सरळ अर्थ सोडून दे. उत्तराची व्याख्या क्लूच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी असते, बाकी शब्दखेळ. हा बघ, 'लिसन केअरलेसली, सेइंग नथिंग', इंग्रजी सहा अक्षरं. केअरलेसली म्हणजे लिसनची अक्षरं विस्कट आणि नवीन जुळव, व्याख्या सेइंग नथिंग, उत्तर सायलेंट! काय सुंदर क्लू आहे ना

पेन्सिलवाला: आणि विरामचिन्हांवर अजिबात विश्वास ठेवू नकोस, बहुतेकदा फसवायलाच असतात. मी तर उत्तर आलं तरी ते का आलं हे प्रत्येक क्लूशेजारी लिहितो, कोड्यावर सेटरचं, म्हणजे कोडं रचणाऱ्याचं टोपणनाव असतं त्यामुळे कोणाची खोड काय ते हळूहळू कळतं

नवशिकी: आज विस्कटलेली अक्षरंच शोधते आधी