गलवानला गोळी का चालली नाही
लडाखमधल्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झटापट झाली तेव्हा आपल्या जवानांकडे बंदुका होत्या तर चालवल्या का नाहीत, असं सारखं विचारलं जातं. अहो, १९९६ चा भारत-चीन करार आहे ना, एलएसी म्हणजे प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून २ किलोमीटरच्या आत गोळीबार नाही, स्फोट नाहीत असं त्यात सरळ लिहिलंय, म्हणून तर इतकी वर्षं गस्तीवाले समोरासमोर आले की मागे जा लिहिलेला कापडी बॅनर उलगडायचा आणि बहुतेक वेळा तिथेच मिटायचं. १५ जून २०२० च्या रात्री ते सगळं कोलमडलं, आपले २० जवान गेले, चीनने ४ कबूल केले तेही आठ महिन्यांनी!

पुढे ऑक्टोबर २०२४ ला पूर्व लडाखमधल्या देपसांग-डेमचोकच्या गस्तीवर समझोता झाला, २०२५ मध्ये मानसरोवर यात्रा, थेट विमानं सुरू झाली, चांगलंच आहे. पण संबंध सुधारले म्हणायची घाई नको, रेषा नेमकी कुठून जाते हेच अजून दोघांनी मिळून नकाशावर ठरवलेलं नाही, मग आपली गस्त त्यांना घुसखोरी वाटणार आणि त्यांची आपल्याला. आणि लडाखमधल्या चुशूलकडच्या मेंढपाळांबद्दल फारसं कोणी बोलत नाही, दोन्ही सैन्यांनी गस्त घालायची नाही अशा बफर झोनमध्ये त्यांची हिवाळी कुरणं अडकली, पुढच्या बोलण्यांमध्ये तो मुद्दा यायलाच हवा.