हाशिमोटो आणि एआयपी आहार: पुरावा कसा तपासायचा?

प्रश्न: एआयपी आहाराने (ऑटोइम्यून प्रोटोकॉल; यात गव्हासकट धान्यं, डाळी, दूध, अंडी वगैरे काही काळ बंद करतात) हाशिमोटो (प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते तो आजार) आटोक्यात येतो म्हणून २०१९च्या अभ्यासाचा दाखला देतात. त्यात नेमकं काय पाहावं?

उत्तर: आधी तुलनेचा गट शोधा. इथे तो नव्हताच. १६ स्त्रिया, १० आठवडे. जगण्याचा दर्जा सुधारला, पण टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइडविरोधी अँटिबॉडीत लक्षणीय फरक नाही. शिवाय सोबत हेल्थ कोचिंगही होतं, मग श्रेय आहारालाच कसं द्यायचं?

उत्तर: सहमत. आपण काय खातोय हे ठाऊक असतं, म्हणून 'बरं वाटतंय' यात अपेक्षाही मिसळते.

उत्तर: कळकळीने सांगते, गहू सोडण्याआधी सीलिॲकसाठी (ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो आजार) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करून घ्या. ग्लूटेन बंद केल्यावर आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. थायरॉक्सिनची (थायरॉइड हार्मोनची) गोळी तर स्वतःहून बंद करूच नका.