मदत हवी आहे: वडिलांना पेसमेकर बसवलाय, मोबाइल ठेवायचा कुठे?

नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांना गेल्या महिन्यात नाशिकमध्ये पेसमेकर बसवला. तब्येत छान आहे, मखमलाबादला घरी आलेत आणि द्राक्षबागेत जायची घाई झालीये. अडलंय ते मोबाइलपाशी.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की फोन पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच लांब हवा. पेसमेकर डावीकडे आहे, तेव्हा फोन उजव्या कानाला लावा. पण अण्णांना उजव्या कानाने जवळपास ऐकूच येत नाही. शिवाय फोन कायम सदऱ्याच्या डाव्या खिशात, बरोबर त्या जागेवर. घरी ठेवून जा म्हणावं, तर विहिरीची मोटार मोबाइल स्टार्टरवर आहे, म्हणजे फोनवरूनच चालू-बंद करायची. रात्रपाळीची लाइट आली-गेली की त्याचाच फोन येतो.

फोनला चुंबकाचं फ्लिप कव्हर आहे, ते चालेल का? पहाटेचा चहा ते स्वतः इंडक्शनवर करतात, त्याचं काय? आईला तर घरातल्या वायफायचीही धास्ती वाटायला लागलीये. घरात कोणाला पेसमेकर असेल तर कृपया सांगा, तुम्ही रोजचं कसं जमवता?

प्रतिसाद
सासूबाईंना पेसमेकर आहे, म्हणून लिहिते. फ्लिप कव्हर आजच काढा, साधं सिलिकॉनचं घाला. पेसमेकरमध्ये चुंबकाने चालू होणारी सोय मुद्दाम ठेवलेली असते, डॉक्टर तपासणीला ती वापरतात. चुंबक अगदी जवळ आला की पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके न बघता ठरलेल्या गतीने ठोके द्यायला लागतो. लांब नेला की बहुधा पूर्ववत. ज्यांना आयसीडी, म्हणजे ठोके धोकादायक बिघडले तर शॉक देणारं यंत्र बसवलंय त्यांनी जास्तच जपावं, कारण चुंबकाने त्याचं शॉक देणं थांबू शकतं. २०२० च्या आयफोन १२ पासून बहुतेक आयफोनच्या पाठीतच चुंबकांचं कडं आहे. वायरलेस चार्जिंग चालू असताना अंतर ३० सेंटिमीटरच्या वर हवं.

बोलायला स्पीकर लावा किंवा वायरचा इअरफोन डाव्या कानात घाला. बोलणं झाल्यावर तो गळ्यात लोंबकळत ठेवू नका, त्याच्या बोंडातही चुंबक असतो. इंडक्शनपासून दोन फूट लांब राहायचं असतं आणि चहा ढवळताना ते काही जमत नाही. चहा गॅसवरच करू द्या. वायफायचं मात्र आईंनी मनावर घेऊ नये. राउटर छातीशी धरून कोणी बसत नाही, नेहमीच्या अंतरावर काही होत नाही.

प्रतिसाद
पेसमेकरचं कार्ड पाकिटात कायम असू द्या. ओझर विमानतळावर ते आधी दाखवायचं. धातू तपासणाऱ्या दाराच्या चौकटीतून न रेंगाळता चालत जायचं आणि हातातलं यंत्र छातीवर धरू नका म्हणून सांगायचं. कधी एमआरआय सांगितला तर पेसमेकर आहे हे पहिल्यांदा सांगा. काही पेसमेकरना तो चालतो, काहींना नाही, कार्डावरच्या मॉडेलवरून तिथल्या लोकांना कळतं.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. कव्हर काढलं. पंचवटीतल्या शिंप्याकडे सगळे सदरे दिलेत, वरचा खिसा उसवून उजवीकडे कमरेशी खोल खिसा शिवायला. स्टार्टरमध्ये माझाही नंबर घालून घेतलाय, म्हणजे रात्री अण्णांनी फोन उशाशी घेऊन झोपायला नको.

आता उजव्या कानाला श्रवणयंत्र घ्यावं म्हणतोय, फोनला ब्लूटूथने जोडता येणारं. सत्तरीतल्या माणसाला ते रोज वापरणं जमतं का? कोणी घेतलं असेल तर नक्की लिहा.