मदत हवी आहे: मल्टिपार्ट अपलोडमध्ये (फाइल तुकड्यांत, म्हणजे पार्टमध्ये चढवताना) आकाराची मर्यादा कशी पाळायची?

ब्राउझरमधून फाइल थेट एस-थ्री बकेटमध्ये (ॲमेझॉनच्या क्लाउड साठवणीत) जाते, सर्व्हर फक्त प्रीसाइन्ड यूआरएल (आधीच सही केलेली अपलोडची लिंक) देतो. बकेट प्रायव्हेट, फाइल २ जीबीपर्यंत, एकेक पार्ट १६ एमबीचा, सहीची पद्धत सिग्नेचर व्हर्जन ४.

सीओआरएसमध्ये (दुसऱ्या डोमेनच्या पानाला बकेटशी काय करता येईल, याचे नियम) पुट मेथड आहे आणि एक्स्पोज हेडर्समध्ये ईटॅगही (चढलेल्या पार्टची ओळखखूण) आहे. (तो नसला की पार्ट चढतो, २०० येतो, पण जावास्क्रिप्टला ईटॅग नल मिळतो आणि पार्ट जोडून फाइल पूर्ण करणारी कम्प्लीटची पायरी अडते.) अर्धवट राहिलेल्या अपलोडचे पार्ट एका दिवसाने काढणारा लाइफसायकल नियमही लावलाय.

अडचण अशी: कोणी क्लायंटचा कोड बदलून १६ एमबीऐवजी ५०० एमबीचा पार्ट पाठवला, तर तोही मुकाट चढतो. प्रीसाइन्ड पोस्टमधली (सही केलेल्या फॉर्मने अपलोड) कंटेंट-लेंग्थ-रेंज ही आकाराची अट हे चोख अडवते, पण तिथे पूर्ण फाइल एकाच रिक्वेस्टमध्ये जाते. नेट तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. कम्प्लीटआधी लिस्ट-पार्ट्सने (चढलेल्या पार्टची यादी मागवून) आकारांची बेरीज तपासतो, पण तोवर डेटा चढलेला असतो. बँडविड्थमुळे फाइल सर्व्हरमधून वळवणं शक्य नाही.

आता प्रत्येक पार्टच्या सहीत कंटेंट-लेंग्थ (डेटाचा आकार सांगणारा) हेडर धरायचा विचार आहे, शेवटच्या लहान पार्टसाठी त्याचा नेमका आकार देऊन. हा हेडर ब्राउझर स्वतःच भरतो. मग सही सगळ्या ब्राउझरांत भरवशाने जुळते का? प्रॉडक्शनमध्ये कोणी असं चालवतंय का?