हीट पंप आणि गॅस गिझर एकत्र जोडलाय का कुणी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वारज्यात रो-हाऊस आहे, माणसं सहा. ड्राय बाल्कनीत पाइपच्या गॅसवरचा गिझर आहे, चांगला चालतो. आता गच्चीत २०० लिटरचा हीट पंप बसवायचा विचार आहे. हिशोब मांडून पाहिला. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला साधारण ७ युनिट उष्णता लागते. हीट पंप त्यातली बरीचशी हवेतून ओढतो, म्हणून वीज अडीच युनिटांच्या आतबाहेरच जाते. गॅसवर तेवढंच पाणी पाऊण ते एक घनमीटरात तापतं.

घोळ आहे तो थंडीचा. जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास गेला की पंप मंदावणार, आणि आमच्या आईला नेमकं साडेपाचला कढत पाणी लागतं. (कोमट दिलं तर दिवसभर ऐकून घ्यायचं!) अमेरिकेत भाच्याच्या घरी हीटिंगला अशीच जोडी आहे. एरवी हीट पंप, कडाका वाढला की गॅसची भट्टी आपोआप पेटते.

मला पंपाचं पाणी गिझरमधून पुढे न्यायचंय. पण प्लंबर म्हणतो, "काका, आधीच गरम पाणी आत सोडलं तर रबरं जातील." खरंय का हे? की बायपास (गिझर टाळून जाणारी वेगळी पाइप) टाकून दोन कॉक ठेवू? पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नक्की कुठे लागतो? आमचं पाणी बोअरचं आहे, कॉइलवर क्षार किती धरतात?

स्वतः बसवलेल्यांनीच सांगा, विक्रेत्यांचे फोन पुरे झाले.