अण्णांची पेटी घेऊन बोटीच्या वाटेने वेंगुर्ल्याला : फेरीने जावं की हायवेने?

पांढरीचार

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात पेटी शिकवते, भजनाला साथ करते. मार्गशीर्षात मी आणि दादा गाडीने अलिबागहून वेंगुर्ल्याला निघतोय. दादा चालवणार, मी शेजारी आणि मागच्या सीटवर अण्णांची पेटी. डबल रीडची, सात घड्यांच्या भात्याची, वजनाने चांगलीच जड.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, गिरणीत होते. शिमग्याला गावी जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे गणपतीला एसटी. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला ही नावं आम्ही पाढ्यासारखी ऐकली आहेत. जिथे बोट धक्क्याला लागत नसे तिथे ती बाहेर उभी राहायची आणि माणसं सामानासकट पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायची. अण्णा पेटी घोंगडीत गुंडाळून स्वतःच्या खांद्यावर घेत, खलाशाच्याही हातात देत नसत. पेटीच्या डाव्या कोपऱ्यावरची पितळी पट्टी उचकटलेली आहे. ती वेंगुर्ल्याच्या पडावात आपटून, असं ते सांगायचे.

आम्हाला ही बंदरं त्याच क्रमाने बघायची आहेत आणि शेवटी गावच्या देवळात पेटी वाजवायची आहे. दादाचं म्हणणं, चार-चार खाड्या गाडीसकट फेरीबोटीने ओलांडायच्या, खारा वारा, खड्डे, पेटीचं नुकसान होईल. हायवेने एका दिवसात पोहोचू, मग तिथून काय बघायचं ते बघू. मला ते पटत नाही, पण पेटीला काही झालं तर मला सहन होणार नाही. जाणकारांनी खरं काय ते सांगा.

खाडीपलीकडे

फेरीने जा, बिनधास्त. उत्तरेकडून क्रम असा: आगरदांडा ते दिघी, मग बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. दिघी उतरलात की दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून बागमांडल्याला या. पलीकडे वेश्वीहून केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, तुमची बोट तिथेही थांबायची, तेव्हा बंदरावर जाऊन याच. दाभोळचा धक्का वाशिष्ठीच्या मुखाशी आहे. तिथे शेवटची फेरी हुकली तर दापोली-खेड-चिपळूण असा वळसा पडतो, तेव्हा गुहागरचा मुक्काम धरला असेल तर दाभोळला दिवस मावळायच्या आत पोहोचा. जयगडनंतर फेरीची भानगड नाही. रत्नागिरीच्या खाली पावस, पूर्णगड, जैतापूर सगळीकडे पूल आहेत.

जयगडहून गणपतीपुळ्याला जाताना मालगुंड लागतं, तिथे केशवसुतांचं घर आहे. आमच्या शाळेची सहल दरवर्षी तिथे जायची, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भाता_दुरुस्ती

ताई, पेट्या उघडण्यात माझं आयुष्य गेलं. चार-पाच दिवसांच्या खाऱ्या वाऱ्याने पितळेचे सूर बिघडत नाहीत. किनाऱ्यावरच्या देवळांतून वर्षानुवर्षं पेट्या वाजतात. बिघडतात त्या उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत. आत भट्टी होते, सरस सुटतो, भात्याचं कातडं वाळतं. तेव्हा जेवायला थांबलात तरी पेटी बरोबर आत न्या. लोकांना विचित्र वाटलं तर वाटू दे.

पेटी आडवी-उभी करू नका, जशी वाजवतो तशीच बसवा आणि खाली घोंगडी घाला. अण्णांनी जी वापरली तीच, त्याहून चांगलं काही नाही. भात्याची कडी लावलेली असू द्या. एसीचा थेट झोत पेटीवर नको.

आणि एक, समुद्राच्या वाळूत पेटी मांडू नका. बोटाने दाबायच्या पट्टीखाली कातडं लावलेला तुकडा असतो, तो भोकावर घट्ट बसला तरच सूर बंद होतो. तिथे वाळूचा एक कण पुरतो, मग भाता भरला की तो सूर आपोआप वाजत राहतो. तसं झालंच तर तेल-बिल सोडू नका. झाकण काढा, पट्टी हलकेच उचला आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा. सुराला, म्हणजे रीडच्या जिभेला, बोट लावायचं नाही.

वालावलकार

ताई, मार्गशीर्षात येतास तर एक रात जत्रेक काढा. गावागावांत दशावतार आसता, रातभर चलता. आधी संकासुर नाचतो, मग आख्यान. गाऊन पेटी वाजवता तेका आमी नाईक म्हणतो. पाठी पखवाज आणि झांज. तुमी पेटयेवाल्या आसात, नाईकाच्या बाजूक बसान ऐका.

डबलबारी भजनाचो बोर्ड दिसलो तर सोडू नको. दोन बुवा समोरासमोर, आणि गजराक लोकांचे पाय थरत नाय.

पांढरीचार

मंडळी, कालच परत आलो. फेरीनेच गेलो. पाच दिवस लागले.

भाता_दुरुस्ती यांचं सगळं ऐकलं, एक सोडून. गुहागरला संध्याकाळ झाली होती, किनारा रिकामा. दादा म्हणाला, अण्णांची भैरवी इथे एकदा होऊ दे. हाच दादा पेटी गाडीतून उतरवायला तयार नव्हता, त्याला नाही म्हणवेना. घोंगडी अंथरून दहा मिनिटं वाजवली. रात्री खोलीवर भाता हलवला आणि काळी तीनची पट्टी एकटीच वाजायला लागली. माझे हात गार पडले.

दादाने कधी पेटीचं झाकण उघडलेलं नाही. त्याने मोबाइलचा उजेड धरला, मी पट्टी उचलली. कातड्यावर दोन कण होते, साखरेच्या दाण्यापेक्षा लहान. त्याने दुकान उघडवून चित्रकलेचा ब्रश आणला आणि फुंकरही न घालता एकेक कण झाडला, तोंडातली वाफ आत जाईल म्हणून. सूर बंद झाला तेव्हा आम्ही दोघंही किती वेळ काही बोललो नाही.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभं राहून पडाव कुठून येत असतील ते बघितलं. मग वाडीतल्या देवळात सोमवारचं भजन. दादाने झांज धरली, दोन अभंगांत त्याचा ठेका बसला.

मध्यंतरात एक म्हातारे काका पेटीजवळ आले आणि उचकटलेल्या पट्टीवर बोट फिरवत राहिले. मी पडावाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "पडाव खयचो? ह्या देवळाच्या उंबऱ्यार पडली. मी पाडलंय. बारा वर्षांचो होतंय, उचलूची हौस. तुझ्या बापसान कोणाक सांगल्यान नाय."

दादा म्हणतो पट्टी आता ठोकून सरळ करून घेऊ. मी नको म्हटलंय. उत्तरार्धात काका माझ्या डाव्या हाताला बसले होते आणि गजर चढला तेव्हा भाता मी त्यांच्याकडे दिला.